२०२४ चा कोको : ४०० किलो बियांचा करार कसा बदलला

पुण्यातल्या एका छोट्या चॉकलेट कारखान्याचं हे प्रकरण आहे. जागा तीन खोल्यांची. एकीत भाजायची भट्टी आणि पाखडणी, दुसरीत कोइम्बतूरचे दगडी ग्राइंडर, तिसरीत एसी, साचे आणि पॅकिंग. इडलीचं पीठ वाटायला बनलेला हा ग्राइंडर थोडे फेरफार करून आज जगभरचे छोटे चॉकलेटवाले वापरतात. यंत्राच्या बाबतीत आपण त्यामुळे नशीबवान आहोत, अडतं ते बियांपाशी. मालकीणबाईंना आम्ही सगळे ताई म्हणतो. चॉकलेट बनवणं आणि विकणं त्यांच्याकडे, बियांची खरेदी माझ्याकडे. वर्षाला साधारण ४०० किलो वाळलेल्या बिया लागतात. मोठ्या कंपनीच्या लेखी ही किरकोळ खरेदी झाली. एवढ्याशा मालासाठी कुणी आपली पद्धत बदलेल अशी अपेक्षाच करता येत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पुढच्या उन्हाळ्याच्या मालाचा भाव ठरला होता किलोला ४८० रुपये. एप्रिल उजाडेपर्यंत तो भाव माल देणाऱ्याला परवडण्यासारखा राहिला नाही.

माल कुठला, कुणाकडचा

भारतात कोको मुख्यतः आंध्र, केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत होतो. नारळ, सुपारी किंवा तेलताडाच्या सावलीत, आंतरपीक म्हणून. आज उत्पादनात आंध्र पुढे आहे, त्यातही गोदावरीकडचा एलुरूचा पट्टा. १७९८ साली इंग्रजांनी आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरून क्रिओलो जातीची आठ रोपं आणून तमिळनाडूतल्या कुर्तालमला लावल्याची नोंद आहे. व्यापारी लागवड मात्र १९६० च्या दशकात कॅडबरीच्या पुढाकाराने वायनाडपासून सुरू झाली, आणि पसरली ती फोरास्टेरो जात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भाव कोसळले, घेणारे हात आखडले आणि कित्येकांनी झाडं तोडली. त्या वेळी मंगळूरच्या कॅम्पको या सहकारी संस्थेने खरेदीत उडी घेतली आणि १९८६ मध्ये पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना उभा केला. केरळच्या इडुक्कीतला साठी उलटलेला शेतकरी कोकोच्या भावाचा विषय निघाला की आजही ती पडझड आधी काढतो. नव्या खरेदीदारावर तो चटकन विश्वास टाकत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

आमचा माल इडुक्की जिल्ह्यातला, अडिमालीच्या आसपासच्या डोंगरांतला. तिथे एक गृहस्थ बी आंबवण्याचं केंद्र चालवतात. गावात त्यांना सगळे चेट्टन म्हणतात, म्हणून आम्हीही. स्वतःच्या बागेतल्या मालाबरोबर ते आसपासच्या लहान शेतकऱ्यांकडून ओलं बी विकत घेतात.

हे केंद्र का लागतं, ते समजल्याशिवाय पुढचा व्यवहार कळणार नाही. लहान शेतकऱ्याकडे शे-दोनशे झाडं असतात. दर दहा-पंधरा दिवसांनी तोडा. फळं फोडली की हातात पडतं तीस-चाळीस किलो ओलं बी. चांगलं आंबवायचं तर एका वेळी शंभर किलोच्या आसपास तरी ढीग हवा, नाहीतर तो आतून तापत नाही. म्हणजे एकट्या शेतकऱ्याने कितीही मनावर घेतलं तरी घरच्या घरी हे जमणं कठीण. तो ओलं बी त्याच दिवशी केंद्राच्या गेटवर विकतो आणि मोकळा होतो. दर्जाची गोष्ट सुरू होते ती त्यानंतर, दहा-बारा घरचं बी एका पेटीत पडल्यावर.

पेटीतले सहा दिवस

फळातून काढलेलं बी पांढऱ्या, गोड-आंबट गराने लडबडलेलं असतं. लाकडी पेटीत ते भरून वरून केळीची पानं आणि गोणपाट घालतात. पहिले दोन दिवस यीस्ट गरातल्या साखरेचा अल्कोहोल करतात. पेटीजवळ गेलं की ताडीचा वास येतो, तळाच्या भोकांतून रस ठिबकत असतो. मग बी शेजारच्या पेटीत उलटतात. हवा लागते, ॲसिटिक आम्ल करणारे जिवाणू जोर धरतात, वास बदलून व्हिनेगरचा होतो आणि ढिगाचं तापमान ४५ ते ५० अंशांवर जातं. चेट्टन थर्मामीटर वापरतातच, तरी रोज सकाळी हात कोपरापर्यंत आत खुपसून बघतात. मधोमध गरम आणि कडेला कोमट लागलं की त्या दिवशी उलटायचं, वेळापत्रकात असो वा नसो.

त्या उष्णतेने आणि आम्लाने बीमधला अंकुर मरतो, पेशी फुटतात, एरवी वेगळी राहणारी द्रव्यं एकमेकांत मिसळतात. प्रथिनांचे तुकडे होतात, तुरटपणा उतरतो. भाजताना जो चॉकलेटचा सुगंध सुटतो, त्याचा कच्चा माल इथे पेटीत तयार होतो. न आंबवलेलं बी किती निगुतीने भाजा, त्यातून चॉकलेटचा वास यायचा नाही. जात, माती, सावली या सगळ्याला महत्त्व आहे. पण भारतातल्या बियांबद्दल बोलायचं तर मी पेटी कोणाची आणि वाळवण कोणाचं, एवढंच आधी विचारते.

वाळवणही तितकंच नाजूक. आंबवून निघालेल्या बीमध्ये निम्म्याहून जास्त पाणी असतं, ते ७ टक्क्यांवर आणायचं. ८ च्या वर राहिलं तर गोणीत बुरशी धरते, ६ च्या खाली गेलं तर बी ठिसूळ होऊन पाखडताना चुरा होतो. इडुक्कीत पंचाईत पावसाची. उन्हाळी बहर संपता संपता मॉन्सून डोक्यावर येतो, बी चार-पाच दिवस ओलसर राहतं, मग कुणीतरी लाकडाच्या जाळावर वाळवायला घेतं आणि धूर आत मुरतो. एलुरूला उलट. तिथलं मे महिन्याचं ऊन इतकं कडक की बीचं टरफल पटकन कोरडं होऊन आवळतं आणि आतलं आम्ल बाहेर पडायला वाट राहत नाही. ते बी दिसायला देखणं असतं, पण चॉकलेट आंबट होतं.

चिरून बघणं

नमुना आला की आम्ही तीनशे बिया मोजून घेतो आणि एकेक बी उभं चिरून पाटावर मांडतो. आंतरराष्ट्रीय प्रमाणातही हीच संख्या धरतात. नीट आंबलेलं बी आतून तपकिरी असतं, त्याला खोल भेगा असतात, नखाने दाबलं तर तुकडे सुटतात. अर्धवट आंबलेलं जांभळट. अजिबात न आंबलेलं करडं, घट्ट, भेग नसलेलं. याशिवाय पांढरी बुरशी, किड्याने पोखरलेलं, आणि टोकाला भोक पडलेलं, म्हणजे आंबायच्या आधीच अंकुर फुटून बाहेर आलेलं. पहिल्या प्रतीच्या मालात करडं बी ३ टक्क्यांच्या आत आणि बुरशीचंही ३ टक्क्यांच्या आत हवं. जांभळ्याचा थोडा अंश आम्ही चालवून घेतो. ताईंच्या मते सगळंच्या सगळं तपकिरी असलेला माल जरा जास्तच आंबवलेला असतो, आणि त्याला फळाची चव कमी येते. त्यांची जीभ माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे, तेव्हा इथे त्यांचाच शब्द.

पण चिरून धूर दिसत नाही. त्यासाठी मूठभर बिया तळहातात जोरात चोळायच्या आणि नाकाशी धरायच्या. व्हिनेगरची झाक असेल तर हरकत नाही, भाजताना ती बरीचशी उडून जाते. धुराचा वास असेल तर तो भट्टीतही जात नाही आणि ग्राइंडरमध्ये तीन दिवस वाटूनही जात नाही.

एप्रिल २०२४

जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. २०२३ मध्ये तिथे आधी अतिवृष्टी झाली आणि फळं काळी पडून सडली, मग कोरडा काळ आला. खोड सुजवणारा विषाणू बागा पोखरत होताच, झाडं म्हातारी झालेली होती आणि वर्षानुवर्षं मिळालेल्या कमी भावामुळे नवी लावण करायला शेतकऱ्याच्या हातात पैसा नव्हता. मार्च २०२४ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोको टनाला १०,००० डॉलरच्या पुढे गेला. वर्षभरापूर्वी तो ३,००० च्या आसपास होता. केरळात वाळलेलं बी, जे एरवी किलोला दोन-अडीचशेला जायचं, ते हजाराला टेकलं.

चेट्टननी फोन केला तेव्हा त्यांच्या गेटवर ओल्या बियाचा भाव २६० झाला होता. तीन किलो ओल्यातून एक किलो वाळलेलं निघतं, म्हणजे नुसत्या मालाचेच ७८०. आमचा ठरलेला भाव ४८०. आणि याहून मोठी अडचण त्यांनी पुढे सांगितली. व्यापारी आंबवलेलं, न आंबवलेलं, अर्धवट वाळलेलं, सगळं एकाच भावाने उचलत होते. शेतकरी त्यांना सरळ विचारत होता की तुम्ही पिकलेलीच फळं हवीत म्हणता, किडकं बाजूला काढायला लावता, व्यापारी काहीच बघत नाही, मग तुम्हाला का देऊ?

या तेजीचा हा भाग बातम्यांत फारसा आला नाही. भाव वाढले, शेतकऱ्याच्या हाती कधी नव्हे ते चार पैसे आले, हे चांगलंच झालं आणि ते त्याच्या हक्काचे होते. पण ज्यांनी सात-आठ वर्षं खपून आंबवण्याची शिस्त बसवली होती, त्यांच्या कामाची किंमत एका हंगामात शून्यावर आली.

समोरचे रस्ते

ठरलेल्या भावावर अडून बसता आलं असतं. ईमेल होती, आकडा लिहिलेला होता. पण ४०० किलोंवर चेट्टनना नुसत्या मालात १,२०,००० रुपयांचा खड्डा पडला असता. असा माल मिळवला तरी तो शेवटचाच ठरणार होता. ताईंनी हा रस्ता पहिल्या पाच मिनिटांत बंद केला.

दुसरा रस्ता बाजारातून घ्यायचा. एका व्यापाऱ्याकडून नमुना मागवला आणि तीनशे बिया चिरल्या. त्यात ५८ करड्या, शंभराच्या वर गडद जांभळ्या, २१ बुरशीच्या निघाल्या. वजन वाढवायला राखलेला ओलावा हाताला लागत होता. हाच माल हजार रुपये किलो. पाहून वाईट वाटलं.

परदेशी बिया आणायच्या तर वनस्पती संगरोधाचा (प्लांट क्वारंटाइनचा) आयात परवाना, तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र, जहाजाचं भाडं, कस्टम्स. दोन-चार टनांना हे परवडतं, आमच्यासारख्यांना नाही. शिवाय भाव तिकडेही तसेच पेटलेले.

उरला रस्ता नव्या भावाने, पण कमी माल घ्यायचा. इथे आम्ही थांबलो आणि भाव ठरवायची रीतच बदलली. या प्रकरणात सांगण्यासारखं जे काही आहे ते इथेच आहे.

माल वेगळा, काम वेगळं

जुन्या ४८० ची फोड करून पाहिली. ऑक्टोबरमध्ये ओलं बी ८० च्या आसपास होतं, म्हणजे तीन किलोंचे २४०. उरलेले २४० आंबवणं, उलटणं, वाळवणं, निवडणं, गोण्या, चेट्टनचा नफा यांचे. हे दोन आकडे एका भावात मिसळलेले होते, म्हणून बाजार हलला की दोन्ही हलायचे. आम्ही ते सुटे केले. माल त्या आठवड्याच्या गेटवरच्या भावाने, तीनपट. कामाचे किलोला २४० ठाम, बाजार चढो की पडो. कामाचे निम्मे पैसे पेटी भरल्याच्या दिवशी, उरलेले नमुना पसंत पडल्यावर. पेटी भरताना फोटो, उलटताना तापमान, निघण्याआधी एक किलोचा नमुना कुरिअरने.

चेट्टननी एक अट त्यांच्याकडून घातली: कामाच्या पैशातले काही ते पिकलेलं, निवडलेलं बी आणणाऱ्या शेतकऱ्याला त्याच दिवशी रोख देणार. आम्हाला ती आमच्या सगळ्या अटींपेक्षा जास्त पटली. व्यापारी आणि केंद्र यांच्यात शेतकऱ्याला फरक दिसायचा तर तो गेटवरच दिसायला हवा.

भाव झाला १,०२०. ताईंचं ७० टक्क्यांचं बार ६० ग्रॅमचं, कोकोचं लोणी त्या वेगळं घालत नाहीत. म्हणजे ४२ ग्रॅम कोको. भाजून, टरफल पाखडून बीचा पाऊण भाग हाती येतो, तेव्हा एका बारला ५६ ग्रॅम बिया. पूर्वी त्यांचे २७ रुपये पडायचे, आता ५७. बारची किंमत २९० वरून ३४० केली. ८५ टक्क्यांचं बार वर्षभरासाठी बंद केलं. ४०० ऐवजी २५० किलोच घ्यायचं ठरलं आणि तरी हिशेब आधीपेक्षा ६३,००० रुपयांनी जास्त बसला. वनस्पती तेल मिसळून स्वस्त करायचा सल्ला दोघा-तिघांनी दिला. ताईंनी त्यावर चर्चाही केली नाही. जुन्या गिऱ्हाइकांना बारसोबत एक चिठ्ठी गेली, त्यात वरची फोड जशीच्या तशी होती. काही गिऱ्हाइकं तुटली, बरीचशी टिकली.

जुलैचे ८० किलो

एप्रिल-मेचा १७० किलो माल उत्तम निघाला: तीनशेत ७ करड्या, २ बुरशीच्या. अडचण आली ती शेवटच्या ८० किलोंत. जूनमध्ये पाऊस लागला, पॉलिहाऊसमध्ये ओलावा हटेना, म्हणून रात्री लाकडाचा ड्रायर लावला. त्याच्या धुराच्या नळीला चीर होती. नमुना चिरून निर्दोष, ओलावा बरोबर ७. चोळून नाकाशी धरला आणि ताईंनी मान हलवली.

माल नाकारला. चेट्टननी तो खुल्या बाजारात विकला. तिथे वास कुणी घेत नाही, त्यामुळे मालाची रक्कम त्यांची सुटली. बुडालं ते काम. करारानुसार निम्मी मजुरी आमच्याकडून आधीच गेलेली होती, ८० किलोंचे ९,६०० रुपये. ते परत मागायचे का यावर आमच्यात बरंच बोलणं झालं. मी मागू नयेत या मताची होते. दिवाळीच्या ऑर्डरींसाठी जुलैचा माल आपण आग्रहाने मागितला होता, भर पावसात वाळवण्याची जोखीम त्यांनी आपल्यासाठी घेतली. ताईंनी पैसे सोडले आणि पुढच्या करारात एक ओळ वाढली: जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टअखेर पेटी भरायची नाही. कमी पडलेलं ऑक्टोबरनंतरच्या बहरातून भरून काढायचं. चेट्टननी त्या पावसाळ्यातच ड्रायरची नळी बदलून घेतली.

त्यानंतर

डिसेंबर २०२४ मध्ये वायदेबाजाराने १२,००० डॉलरचा टप्पाही ओलांडला आणि २०२५ मध्ये उतार लागला. आंध्रात शेतकरी भावासाठी रस्त्यावर उतरले. इडुक्कीत आमच्या हिशेबाला ओल्याचा भाव १४० लागला, म्हणजे आमचा भाव ६६०. अशा वेळी आमच्यासारखे खरेदीदार कामाच्या दरातही घासाघीस करतात. तो दर २४० च राहिला, कारण तो बाजाराला बांधलेलाच नव्हता. चेट्टनच्या केंद्रावर बी आणणारी घरं त्या हंगामात वाढली, आणि पूर्वी व्यापाऱ्याकडे वळलेले काहीजण परत आले.

एकाच डोंगरावर सगळं अवलंबून नको म्हणून एलुरूकडचा ५० किलोंचा लॉटही घेऊन पाहिला. अपेक्षेप्रमाणे आंबट. तिथल्या केंद्राला विनंती केली की पहिले दोन दिवस बी जाड थरात, शेडनेटखाली ठेवा, वारंवार हलवा, मग उन्हात पसरा. दुसरा लॉट पुष्कळ सुधारला. अजून त्यावर ७० टक्क्यांचं बार उभं राहत नाही, पण दुधाच्या चॉकलेटला तो छान लागतो.

पुण्यात माल आल्यावरचं काम थोडं, पण ते चुकवून चालत नाही: गोणीच्या आत हवाबंद पिशवी, जमिनीपासून वीतभर उंच फळ्या, भिंतीपासून अंतर, महिन्यातून एकदा गोणी उघडून पतंगाच्या अळीची जाळी दिसते का बघणं. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने ७ टक्क्यांचं बी आपोआप ८ च्या पुढे जातं.

मधे कोकणातल्या एका नारळ-सुपारीच्या बागायतदारांनी विचारलं, की जायफळ आणि मिरी आहेच, कोको लावू का? त्यांच्याकडे पाणी आहे, सावली आहे, आणि ऑक्टोबर ते मे कोरडं ऊन आहे, जे इडुक्कीलाही मिळत नाही. त्यांना एवढंच सांगितलं की तोड्याला शंभर किलो ओलं बी पडेल इतकी झाडं तुमच्या आणि शेजारच्या बागांत मिळून होणार असतील तरच लावा, आणि पेटी कोण सांभाळणार ते आधी ठरवा. त्यांनी आळीतल्या आणखी चार बागायतदारांशी बोलणं सुरू केलंय. पेटीची मापं चेट्टनकडून मागवून त्यांना पाठवली आहेत.